मक्याखालचा पांढरा धागा

मी एक जुनी सूत्रकृमी आहे. सुतासारखी लांब, सुतासारखी पांढरी आणि सुताइतकीच मुकी. बोईसरच्या पूर्वेला डोंगरउतारावर एक पाडा आहे. त्या पाड्यात ठमीच्या झोपडीमागे मक्याचा एक लहानसा तुकडा आहे. त्या तुकड्याखालची ओलसर माती हे माझे घर. मी दोन पावसाळे पाहिले आहेत आणि तिसरा तोंडावर आला आहे. दोन पावसाळ्यांत कोणी जुने होते का, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, वय वर्षांनी मोजायचे की सोसलेल्या संकटांनी, हे तुम्ही आधी ठरवा; मग मला जुनी म्हणायचे की नाही ते आपोआप ठरेल.

आणखी एक शंका आरंभीच मिटवते. मला डोळे नाहीत, कान नाहीत. मग माणसांची बोलणी मी कशी सांगते? तुमच्या निबंधाच्या वह्यांमध्ये फाटकी छत्री बोलते, बंद पडलेले घड्याळ उसासे टाकते, तेव्हा त्यांना तुम्ही हा प्रश्न विचारीत नाही. तेवढीच सवलत मला द्या. बाकी मी जे सांगेन ते खुशाल तपासून घ्या.

‘कृमी’ हा शब्द ऐकताच तुम्ही नाक मुरडता, हे मला ठाऊक आहे. मुलांच्या पोटात जंत होतात, वांग्याच्या आणि टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणाऱ्याही सूत्रकृमीच असतात. ते माझे दूरचे नातेवाईक आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु एका कुळातले सगळेच एका धंद्यात असतात असे कोणी सांगितले? माणसाच्या पोटात मी जगू शकत नाही. मक्याचे मूळ, पान किंवा दाणा यांपैकी काहीही मला खाता येत नाही. माझे अन्न एकच आहे, ते म्हणजे अळीचे शरीर. हे ऐकायला गोड नाही. पण मी गोड बोलण्यासाठी जन्मलेली नाही.

माझा जन्म एका अंड्यातून, मातीत झाला. त्या वेळी मी इतकी बारीक होते की तुमच्या नखावर मला ठेवले असते तरी तुम्हाला दिसले नसते. पावसाने मक्याची ताटे, म्हणजे उभी रोपे, सतत ओली होती. त्या ओलाव्याच्या पातळ थरातून सरपटत मी ताटावर चढू लागले. ऊन पडून पान सुकले तर मरण, पावसाचा जोराचा थेंब बसला तर पुन्हा जमिनीवर. मी दोनदा खाली पडले आणि तिसऱ्यांदा पोंग्यापर्यंत पोहोचले. पोंगा म्हणजे मक्याची कोवळी पाने जिथे गुंडाळी करून उभी असतात ती जागा. तिथे माझी गाठ पडली लष्करी अळीशी.

ही अळी आपल्याकडची नव्हे. ती मूळची अमेरिकेची. काही वर्षांपूर्वी ती आपल्या देशात आली आणि बघता बघता गावोगावच्या मक्यात शिरली. तिच्या डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ उलटा काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. ती पोंग्यात बसून आतली पाने कुरतडते आणि मागे भुशासारखी विष्ठा सोडते. माझ्या पूर्वजांनी गवतावरच्या आणि भातावरच्या देशी अळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली होती. ही परकी अळी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. तिला कसे गाठायचे, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. मी विचार करीत बसले नाही. तिची कातडी भेदली आणि आत गेले.

सुमारे दोन आठवडे मी तिच्या शरीरात वाढले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी आत असताना त्या अळीने पाने खाणे थांबवले नाही. ज्या ताटावर ती बसली होती ते ताट मी वाचवू शकले नाही. मात्र मी बाहेर पडले तेव्हा ती मेली. तिचा पतंग झाला नाही, आणि त्या पतंगाने घातली असती ती हजारभर अंडी कोणाच्याही मक्यावर पडली नाहीत. माझे काम असे उशिरा दिसणारे आहे. त्यामुळेच ते पुष्कळांना दिसत नाही.

मी बाहेर पडत होते, नेमक्या त्याच वेळी ठमी पोंगे उघडून अळ्या वेचीत होती. ठमीविषयी थोडे सांगते. ती सडसडीत, काळीसावळी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिच्या परसात पिकतो तो पांढऱ्या दाण्याचा मका बाजारात मिळत नाही. तिच्या आईने लग्नाच्या वेळी पदरात बांधून दिलेले ते बी. दरवर्षी निवडक कणसे चुलीवरच्या धुरात टांगून तिने ते राखले होते. त्या वर्षी लष्करी अळीने निम्म्याहून अधिक ताटे पोखरली होती. पीक गेले तर जेवणाचे दुसरे काही बघता आले असते; बी गेले तर ते पुन्हा कुठूनही आणता आले नसते.

“अरे, ये इकडं!” तिने नवऱ्याला, जिव्याला हाक मारली. “अळीच्या पोटातून दोरा निघतोय.”

जिव्या आला, वाकला आणि झटकन मागे सरला. “दोरा कसला? जंत हाय तो. आज अळीच्या पोटात, उद्या कणसातून आपल्या पोटात.”

“तुझ्या पोटात भाकरीलाच जागा पुरत नाय. तो कुठं ऱ्हायचा?”

“हस तू. ही भुईच नासली. आधी अळी आली, आता जंत. उन्हाळ्यात इथंच राब घालतो. भाजून काढतो सगळं.”

राब म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांना सांगायला हवे. भाताचे रोप ज्या जागी टाकायचे, ती जागा आमच्याकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि सकाळी वारा पडलेला असताना पेटवायचे. तण मरते, किडे मरतात, रोप जोमाने येते. ही रीत मूर्खपणाची नाही, आणि जिव्याही मूर्ख नव्हता. नासलेली वस्तू आगीने शुद्ध होते असा त्याचा अनुभव होता. चूक एवढीच, की नासके काय आणि राखणीचे काय, हे त्याने पाहिले नव्हते.

ठमीने मला चिरडण्यासाठी दगड उचललाही होता. तेवढ्यात फाट्यावरून स्कूटरचा आवाज आला आणि हेतल आली. हेतल ही त्या भागाची कृषी सहायक. माकुणसार गावच्या बागायतदार घरातली, पायात गमबूट, खांद्याला पिशवी. तिने पोंग्यात पाहिले आणि ती तिथल्या तिथे चिखलात बसली.

“मावशी, दगड खाली ठेवा. हे मी पुस्तकातल्या चित्रात बघितलंय, खरं आजच बघतेय! ही अळीला मारणारी सूत्रकृमी आहे. तुमच्या बाजूची.”

“माझ्या बाजूची कशावरून? तिनं सांगितलं तुला?”

हेतल हसली. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. लोणच्याची एक बरणी घ्या. तळाला ओली माती, त्यात हिला सोडा, वर मक्याचं कोवळं पान ठेवा. रोज बघा. पान खाल्लं तर दगड आहेच.”

मित्रांनो, ठमीवर माझा जीव जडला तो त्या दिवसापासून, कारण तिने कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. नवऱ्याच्या नाही आणि हेतलच्याही नाही. तिने बरणी धुतली, माती भरली, मला काडीने उचलून आत सोडले आणि रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती बरणी उजेडात धरू लागली. मी मातीत वेटोळे घालून पडून राहिले. पान चार दिवस तसेच राहिले. पाचव्या दिवशी ते आपल्या आपण सुकले. मग तिने दुसऱ्या पोंग्यांतून आणखी मरगळलेल्या अळ्या शोधल्या. त्यांतल्या काहींतून माझ्या बहिणी निघाल्या. त्यांचीही तिने तशीच परीक्षा घेतली.

“बघ, पानाला दात लागला नाय,” ती जिव्याला म्हणाली.

“बरणीत कोंडल्यावर वाघ पण गरीब होतो,” जिव्या म्हणाला आणि विडी पेटवून बाहेर गेला.

ठमीने वाद वाढवला नाही. तिने आम्हाला मक्याच्या बुंध्याशी नेऊन मातीत सोडले आणि वरून ओली माती दाबली. त्या वर्षी तिच्या हाती बियाण्याजोगी तीनच कणसे आली. ती चुलीवर टांगली गेली. आईने दिलेले सगळे बी आता त्या तीन कणसांत होते.

हिवाळा मी मातीत काढला. त्या उतारावर माती वीतभरच आहे; खाली मुरूम. त्यामुळे खोल जाऊन लपायला मला वाव नव्हता. फाल्गुनात माझी अंडी तयार झाली आणि बुंध्यांभोवतालच्या मातीत मी ती घातली. पावसाळ्यानंतर मजुरीला गेलेला जिव्या याच सुमारास वीटभट्टीवरून परतला. ठमी तेव्हा बोईसरला मुलाकडे, नीलेशकडे होती. सुनेचे बाळंतपण होते. पाड्यात विचारणारे कोणी नाही असे पाहून जिव्या दोन दिवस राबला. ऐनाच्या फांद्या, गवत, शेण असे थरावर थर त्याने आमच्या डोक्यावर रचले. माती दबली. अंधार आधीही होता, पण हा अंधार जड होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने वरच्या कोपऱ्यात काडी लावली. येथे कोणी शंका काढील, की राबाची आग चार बोटेच खाली उतरते. खरे आहे, परंतु वरची चार बोटे भाजली की खालची माती कोरडी ठणठणीत होते, आणि मला मारायला कोरड पुरेशी आहे. अंड्यांना तर तेवढीही लागत नाही. कोपऱ्यातली माती तापू लागली. तिथे माझ्या तीन बहिणी होत्या. मी सरपटून जाऊ शकत होते ते फार तर वीत, दोन वीत. आणि अंडी तर जागची हलू शकत नव्हती. मी अंड्यांजवळच वेटोळे घातले. त्याने काही होणार नव्हते. तरीही मी हलले नाही.

ठमी त्या सकाळी पहिल्या गाडीने फाट्यावर उतरली होती. धूर कुठून येतो ते तिने उतारावरूनच ओळखले. डोक्यावरचे गाठोडे तिथेच टाकून ती धावत आली आणि लांब आकडी घेऊन पेटता राब ओढू लागली.

“हात लावू नको!” जिव्या ओरडला. “दोन दिस रचलाय मी!”

“तू दोन दिस रचलास, मी आता उपसते. बघ.”

“येडी झालीस? अळीचे कोष भुईतच असतात. हेतलनंच सांगितलं ना? राब दिला की भुई चोख. माझा बा करत होता, आजा करत होता.”

“आजाच्या वेळेला ही अळी होती?”

“नव्हती. पण भुई तीच हाय.”

“भुई तीच हाय, पण अळी ती नाय. बोईसरला नीलेशच्या खोलीसमोर कंपनीचा दिवा हाय. संध्याकाळी त्याच्यावर तेच पतंग बसलेले मी बघून आले, हेतलनं फोटोत दाखवले होते ते. तू इथले दहा जाळशील, तिकडून शंभर उडत येतील. आणि हा दोरा? ह्याला पंख नाय, पाय नाय. जाळलास की गेला. मग कुठून आणशील? बोईसरच्या बाजारातून?”

कोषही मातीत असतात, हा जिव्याचा मुद्दा खरा होता. ठमीने तो खोडला नाही. जाळल्याने कोणाचे नुकसान परत भरून येते आणि कोणाचे येत नाही, एवढेच तिने पाहिले होते. मी फार विद्वानांना ऐकलेले नाही. परंतु शत्रू आणि मित्र यांच्यातला फरक याहून थोड्या शब्दांत कोणी मांडला असेल, असे मला वाटत नाही.

ती बोलत होती तरी तिचे हात थांबले नव्हते. जळत्या फांद्या तिने उतारावर ओढून टाकल्या, धुमसत्या शेणावर पाट्यांनी माती ओतली. तिच्या हाताला पोळले. मग जिव्याने डोक्याचा फडका सोडून तिच्या हाताला गुंडाळला.

“आणि भाताचा राब कुठं घालू?”

“दरसाल घालतोस तिथं. खालच्या खाचरात.”

“एवढं सगळं खाली वाहून न्यायचं? पाठ मोडली तर दवाखान्यात तू नेशील?”

“नेईन. पाठुंगळी मारून.”

तो पुटपुटत पहिला भारा डोक्यावर घेऊन निघाला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून सगळा राब खाली नेला. तुकड्याचा वरचा एक तृतीयांश भाग भाजला गेला. त्या भागातली अंडी गेली, बहिणी गेल्या. माझी अंडी वाचली, कारण आग त्यांच्यापासून दोन हातांवर विझली होती.

पाऊस लागल्यावर ठमीने तीन कणसांचे दाणे सोडवले आणि सगळ्या तुकड्यात, भाजलेल्या आणि न भाजलेल्या, एकसारखे पेरले. पतंग आले. ते येणारच होते. भाजलेल्या भागातही आले आणि न भाजलेल्या भागातही. माझी पिल्ले ओल्या ताटांवर चढली. ती पडली, पुन्हा चढली. पुष्कळ मेली, काही पोहोचली. मी त्यांना काहीही शिकवले नव्हते, आणि त्यांना शिकवण्याची गरजही नव्हती.

सगळे श्रेय माझ्याकडे घेणे लबाडीचे होईल. ठमी रोज सकाळी हाताने अळ्या वेचीत होती, आतल्या अळ्या मराव्यात म्हणून पोंग्यात मूठमूठ माती टाकीत होती. परंतु एके दिवशी जिव्या स्वतः, कोणी न सांगता, पोंगे उघडीत फिरला. आधी वरच्या, भाजलेल्या भागात. तिथे अळ्या होत्या, गुबगुबीत आणि जिवंत. मग तो खालच्या भागात आला. तिथल्या तिसऱ्याच ताटावर एक अळी पिशवीसारखी रिकामी लोंबत होती आणि तिच्याखाली पांढरा धागा हलत होता. तो तिथेच उकिडवा बसला.

“ठमे,” त्याने हाक मारली, “इकडं हाय. तिकडं नाय.”

“काय?”

“तुला माहीत हाय काय.”

एका तुकड्यावरून नियम ठरत नसतो, हे मी तुम्हाला सांगितलेच पाहिजे. माती, ओलावा, उतार, अशी कारणे दुसरीही असू शकतात. हेतलनेही वहीत तसेच लिहिले: ‘आणखी दोन-तीन वर्षे पाहावे.’ ते योग्यच आहे. परंतु त्या वर्षी ठमीच्या चुलीवर पांढऱ्या कणसांची एक अखंड माळ टांगली गेली, आणि तीन कणसांवर आलेले बी पुन्हा घरभर झाले, हेही तितकेच खरे आहे.

गेल्या आठवड्यात शेजारच्या पाड्यातली सोमी बी मागायला आली. तिचा मका अळीने सलग दोन वर्षे साफ केला होता. ठमीने माळेतली चार कणसे तिच्या पदरात घातली. मग कुदळ घेतली, न भाजलेल्या भागातली एक पाटी माती हलक्या हाताने खणली आणि तीही तिच्यापुढे ठेवली.

सोमी म्हणाली, “बी दिलंस ते समजलं. माती काय आमच्या पाड्यात नाय?”

“हाय. पण तिच्यात कोण हाय ते बघितलंस?”

“तिच्यात कोण असायचं?”

“पेरशील तिथं पसर. मग बघ.”

जिव्या ओसरीवर दोर वळीत होता. तो उठला, पळसाची चार पाने ओली करून त्याने पाटीवर झाकली. “उन्हात धरू नको,” तो सोमीला म्हणाला. “आणि त्या जागेवर राब घालायचा नाय. माझ्यासारखा शहाणपणा केलास तर बी परत मागून घेईन.”

त्या पाटीत माझी या वर्षीची निम्मी अंडी होती. ती उतारावरून खाली गेली, ओहोळ ओलांडून पलीकडच्या पाड्यात गेली. तिथे त्यांना कोणत्या अळ्या भेटतील, किती पाऊस मिळेल, हे मला कधी कळणार नाही. मी आता सुरकुतले आहे. येणारा पावसाळा बहुधा माझा शेवटचा.

मित्रांनो, म्हणून एकच मागणे मागते, आणि ते फार मोठे नाही. जमीन भाजण्याआधी, तिच्यावर औषध ओतण्याआधी, वीतभर खणून पाहा. मातीत एखादा पांढरा धागा वेटोळे घालून पडलेला दिसला, तर घाबरू नका आणि दगडही उचलू नका. तो कोण आहे, काय खातो, हे ठमीसारखे बरणीत ठेवून स्वतः पाहा. मग त्याच्यावर ओली माती सारा आणि आग दुसरीकडे लावा. राबाची जागा बदलायला माणसाला अर्धा दिवस पुरतो. भाजलेली जागा पुन्हा वसवायला आम्हाला किती पावसाळे लागतील, ते मलाही सांगता येत नाही. पण त्या भाजलेल्या वरच्या कोपऱ्याच्या दिशेने माझी मुले रोज बोटभर सरकत आहेत.